अर्ध्या लाल बाळाची मोहीम

घरात एक बाळ आणि शहाणे मात्र उदंड जाहले म्हणजे काय अनर्थ ओढवतो, हे जगास कळावे म्हणोन ही हकीकत यथामति लिहिली आहे.

बाळ जन्मून आठवडा जाहला नव्हता. बाळाच्या आत्याबाई, ज्यांनी खबरदारीचा किताब स्वतःच स्वतःस दिला होता, पाळण्यापाशी चौकीस बसल्या असता काय पाहतात, तो बाळाचे उजवे अंग लालबुंद, डावे पांढरेफटक, आणि मधोमध दोरी धरून आखावी ऐसी रेघ. मग हाकाटी जाहली आणि दुसऱ्या चौकीस काकासाहेब बसले, तो त्यांस डावे अंग लाल दिसले. मग उजवे की डावे, यावरून दोन तट पडले आणि सोफ्यावर मोर्चे लागले आणि चहाचे कप रिते जाहले. परंतु बाळाकडे नीट पाहण्याची तसदी एकाही मुत्सद्द्याने घेतली नाही. बाळाचे वडील तटस्थ, म्हणजे मोबाईलमध्ये होते. एका कलमावर मात्र उभयतांचे एकमत जाहले की दोष आईच्या दुधाचा. सबब फर्मान सुटले की अंगावरचे दूध बंद, बाटली चालू, आणि बाळाचा मुक्काम आत्याबाईंच्या खोलीत.

सूनबाईंची छाती दुधाने दाटून ठणकू लागली आणि भिंतीपलीकडे बाळ रडे तो यांचा जीव तीळतीळ तुटे. दवाखान्यात नेऊ, ऐसी अर्जी केली.

"तुझं पहिलंच आहे, तुला काय कळतंय," इतकाच आत्याबाईंचा जबाब आला.

परंतु सूनबाईंस डोळे होते. आत्याबाई बाळास उजव्या कुशीवर निजवीत, काकासाहेब डाव्या, आणि जी बाजू खाली तीच लाल होई. मग त्यांनी कोणाची मर्जी न पाहता बाळ उचलले आणि दवाखान्याकडे कूच केले, आणि उभय सेनापती चपला शोधीत मागून धावले.

डॉक्टरीणबाईंनी बाळ नखशिखांत तपासले, आणि एका कुशीवर निजविले, मग दुसऱ्या, तो लाली निमूट बाजू बदलून गेली.

"क्वचित दिसतं, पण निरुपद्रवी आहे. रक्तवाहिन्या अजून आपलं काम शिकतायत. काही मिनिटांत आपोआप जातं, औषध लागत नाही. आईचं दूध कोणी बंद केलं?"

तेव्हा उभय सेनापती भिंतीवरील लसीकरणाचा तक्ता बहुत बारकाईने वाचू लागले.

सूनबाईंनी तेथेच पदराआड बाळास पाजले आणि आनंदाने रडल्या. निघतेवेळी आत्याबाईंनी रिवाजाप्रमाणे बाळासाठी हात पुढे केले.

"राहू द्या, ताई. माझं बाळ माझ्याजवळ झोपेल."

ऐसी फत्ते जाहली. त्या घरात सूनबाईंचा हा पहिला हुकूम, आणि तो विनातक्रार अमलात आला.