एकवीस नंबरचे रिकामे खोरे

संगणक पुन्हा अडला, तेव्हा साहेब नकाशाबाईच्या खुर्चीमागे उभे होते आणि कपातला चहा बशीत सांडत होते.

"आता काय झालं?"

"एकवीस नंबरवर ढग आहे, साहेब. उपग्रहाच्या फोटोत. खालचं काहीच दिसत नाही. घरं, रस्ते, शेतं... आहेत की नाहीत तेच कळत नाही."

"मग ढग काढा."

"तो खरा ढग आहे, साहेब."

हाताखालचा माणूस उशिरा आल्यावर बघावे तसे साहेबांनी पडद्यावरच्या त्या पांढऱ्या डागाकडे बघितले. "वरच्यांना यादी आज हवीय. बाकी सगळं तयार आहे ना? मग तिथं काहीतरी भरा आणि मोकळ्या व्हा."

ऑफिसात तिला सगळे नकाशाबाईच म्हणत. पाणी खात्यात तिचे काम असे, की डोंगराळ मुलखाचे पाणलोटांत तुकडे पाडायचे. एका ओढ्याला जेवढ्या उतारांचे पाणी मिळते तेवढा एक तुकडा, आणि प्रत्येक तुकड्याला एक नंबर. मग उतार, माती, झाडी, झरे, रस्ते, वस्ती असे नकाशे एकावर एक ठेवून संगणकाकडून गुण काढायचे. माणसाची लुडबुड जितकी कमी तितके गुण जास्त. जास्त गुणांचे पाणलोट आधी जपायचे, मधले दुरुस्त करायचे, आणि जिथे माणसाने होते नव्हते ते पाणी घालवले आहे ते नशिबावर सोडायचे. थोडक्यात, उंटावरून शेळ्या हाकण्याचे काम. फक्त इथे उंट आकाशात फिरत असे.

संगणकाला रिकामी जागा चालत नाही. 'माहीत नाही' असे सांगायची एक खूण असते. ती घातली की तो पाणलोट क्रमवारीतून बाजूला राहतो. पण मग तो बाजूला का राहिला, हे साहेब विचारणार आणि उत्तर समजावण्यात संध्याकाळ जाणार. नकाशाबाईने शून्य घातले. घरे शून्य, रस्ते शून्य, शेते शून्य. संगणक खूश झाला. नवा फोटो आला की दुरुस्त करू, असे तिने मनाशी ठरवले. असे ठरवणारी ती खात्यातली पहिली नव्हती.

एकवीस नंबर यादीत पहिला आला.

एरवी खात्यातला कागद वर जातो आणि वरच राहतो. या यादीला मात्र पाय फुटले. माणसाचे पाऊलही न पडलेले खोरे आपल्या हद्दीत आहे, या गोष्टीने वरच्यांना इतके भरून आले, की त्यांनी एका भाषणात त्याचा दोनदा उल्लेख केला. नवा फोटो यायच्या आत मंजुरी आली, मंजुरीमागोमाग तारेची भेंडोळी आली आणि कुंपणावर पहारेकरीही नेमले गेले. आत कोणी जायचे नाही, आत कोणी राहायचे नाही. साहेबांचे अभिनंदन झाले, आणि त्यातले थोडेसे त्यांनी नकाशाबाईलाही दिले.

मग एके दिवशी पहारेकऱ्यांचा मुकादम ऑफिसात आला. गडी धिप्पाड, मिशा भरदार. पण त्या दिवशी त्या मिशांचा रंग उतरला होता.

"बाई, ते खोरं खरंच रिकामं आहे ना?"

"का हो?"

"धूर येतो. चुलीचा. धुकं असं असतं की आपला हात आपल्याला दिसत नाही, आणि त्या धुक्यातून फोडणीचा वास येतो. मधूनच कपबशी वाजते. कुणीतरी खोकतं. परवा पोर रडलं, तर आमचा एक जण नोकरी सोडून गेला. म्हणाला, आत माणसं असती तर भ्यायलो नसतो. पण माणसं नाहीत असा सरकारी शिक्का आहे, मग रडतंय कोण?"

"आत जाऊन बघितलंत का?"

"गेलो ना. मी काही भित्रा नाही. चाचपडत गेलो तर हाताला दार लागलं. उघडंच होतं. मी पाय टाकला, आणि आतून बाईचा आवाज आला." मुकादमाने आपल्या पायांकडे पाहिले. "म्हणाली, 'पाय पूस मेल्या! आत्ताच पुसून काढलंय!'"

नकाशाबाईच्या हातातली पेन्सिल गळून पडली. जगात हे वाक्य त्या ठसक्यात म्हणणारी एकच बाई होती, आणि नकाशाबाई त्या वाक्यावरच लहानाची मोठी झाली होती. आई गेल्यावर तिला सांभाळणारी तिची मावशी. मावशीचे गाव तिला कसे माहीत होते? नंबराने नव्हे, वाटेने. पठारावर बस सोडायची, धुक्यात खाली उतरायचे, ओढ्याच्या कडेकडेने चालायचे. ते कधी एकवीस नंबर असेल असे तिच्या स्वप्नातही आले नव्हते. आपल्याच माणसाचा एक्स-रे हातात दिला, तर ओळखतो का कोणी?

"मग तुम्ही काय केलंत?" तिने कसेबसे विचारले.

"पुसले," मुकादम म्हणाला. "आणि पळालो."

तो जाताच तिने मावशीला फोन लावला. "मावशी, एक घोळ झालाय. माझ्याच हातून. तुमचं गाव नकाशातून गेलंय. सरकारच्या लेखी तिथं कोणी राहत नाही, म्हणून ते कुंपण चाललंय. आत रस्ता होऊ द्यायचा नाही, यंत्र नाही, खाण नाही, माणूसही नाही. पण तू घाबरू नकोस. मी साहेबांना घेऊन येते. ते डोळ्यांनी बघतील आणि गाव परत नकाशावर येईल."

"खाण नाही?"

मावशीच्या घरामागचा डोंगर दगडासाठी फोडायचा, असे खाणवाल्यांनी ठरवले होते. खडकांवर लाल रंगाच्या खुणाही करून झाल्या होत्या. आणि गावाचा झरा त्याच डोंगराच्या पोटातून येत होता.

"खाण नाही, काहीच नाही," नकाशाबाई म्हणाली.

"आणि गाव परत नकाशावर आलं, की खाणवालेही परत?"

"ते... येतील बहुतेक."

मावशी फोनवर गप्प बसली, ही गोष्ट आजवर घडलेली नव्हती.

"बरं," मावशी शेवटी म्हणाली. "कधी येताय?"

साहेबांना पटवताना नकाशाबाईच्या नाकी नऊ आले.

"असं कसं गाव असेल? नकाशात नाही."

"नकाशा मीच केलाय, साहेब. चूक आहे माझी. तिथं माझी मावशी राहते."

साहेबांनी उठून केबिनचे दार लावले. "बाई, तिथलं शून्य वरच्यांच्या भाषणात गेलंय. आता तिथून मावशी निघाली तर कसं चालेल?"

"माणसं मोजणाऱ्यांकडे नोंद असेलच की."

"ते वेगळं खातं आहे," साहेब म्हणाले, आणि तो विषय तिथेच संपला. बराच वेळ त्यांनी कपाळ चोळले. "हे बघा, प्रत्यक्ष पाहणी करू. गाव दिसलं, तर मी स्वतः वर जाऊन सांगतो. आत कोणी नाही दिसलं, तर नकाशा बरोबर. मग पुन्हा मावशीचं नाव काढायचं नाही."

"दिसेल, साहेब. मावशी न दिसणाऱ्यांतली नाहीच."

पाहणीच्या दिवशी खोरे धुक्याने काठोकाठ भरले होते. मुकादम कुंपणाशीच थांबला. पाय मुरगळलाय म्हणाला. साहेब नकाशाबाईच्या मागून उतरू लागले. खाली ओढा बोलत होता, बाकी कशाचाही आवाज नव्हता. एरवी कोणी आल्याची वर्दी गावाआधी कुत्री देत, पण आज तीही भुंकली नाहीत. पहिले घर धुक्यातून एकदम पुढ्यात आले, तसे साहेब दचकून मागे सरले.

"हे काय?"

"घर, साहेब. मी म्हटलं नव्हतं?"

"घर म्हणजे माणसं नव्हेत," साहेब म्हणाले. त्यांचा आवाज चिरकला होता.

दार बंद होते. दुसऱ्या घराचेही, तिसऱ्याचेही. एक अंगण अर्धेच झाडलेले होते आणि झाडू तिथेच पडला होता. दोरीवरच्या कपड्यांतून पाणी ठिबकत होते. एका कठड्यावर चहाचा कप होता, आणि त्यातून वाफ निघत होती. नकाशाबाईने हाका मारल्या. एकही दार उघडले नाही. आपण भलत्याच खोऱ्यात तर उतरलो नाही ना, अशी शंका तिच्या मनात आली. मग त्याहून वाईट शंका आली, की शून्य आपण नुसते कागदावर घातले, पण ते इथवर पोचले की काय.

"साहेब, चहा बघा. वाफ येतेय."

"धुकं आहे ते," साहेब म्हणाले. "कपात उतरलंय."

कुठेतरी पोर रडले आणि लगेच कुणीतरी त्याचे तोंड दाबल्यासारखे थांबले. साहेबांची पाचावर धारण बसली. "मांजर," ते म्हणाले, आणि कठड्याला टेकून डोळे मिटून उभे राहिले. "तुम्ही पुढे बघून या. मी इथून पाहणी करतो."

मावशीचे घर ओढ्याकाठी शेवटचे. नकाशाबाईने दार ढकलले. आत काळोख होता. डोळे सरावले तेव्हा तिला दिसले, की खोली माणसांनी गच्च भरली आहे. शेजारीपाजारी, म्हातारेकोतारे, कडेवरची पोरे, सगळे भिंतीला टेकून, गुडघे जवळ घेऊन, तोंडातून अवाक्षर न काढता तिच्याकडे बघत होते. कुत्रीसुद्धा आतच होती. प्रत्येक कुत्र्याच्या तोंडावर कुणाचा तरी हात होता. मधोमध मावशी बसली होती आणि तिने ओठांवर बोट ठेवले होते.

"मावशी, अगं मी तुम्हाला परत—"

"कुणी सांगितलंय परत आणायला?" मावशी कुजबुजली. "डोंगर फोडला तर नकाशावर राहून काय पाणी पिऊ? तुझ्या साहेबाला सांग, इथं कोणी नाही."

"मग कुंपण पक्कं होईल. मलाही आत येता येणार नाही."

मावशीचे बोट ओठांवरून खाली आले. तेवढे तिने हिशेबात धरले नव्हते. काळोखातही तिचे डोळे भरलेले दिसले. क्षणभर तिने नकाशाबाईच्या गालाला हात लावला. हाताला झऱ्याच्या पाण्याचा गारवा होता.

"जा," ती म्हणाली. "आणि दार लोटून घे, धुकं आत येतं."

"काय आहे आत?" बाहेर कठड्याकडून साहेबांनी हाक दिली.

एक शब्द बोलली असती तर गाव नकाशावर आले असते, बस आली असती, हक्काने मावशीकडे जाता आले असते, आणि मागोमाग यंत्रे आली असती. आपलेच दात आणि आपलेच ओठ, सांगणार कुणाला?

"कोणी नाही, साहेब," ती म्हणाली.

साहेबांनी तिथल्या तिथे, कठड्यावर कागद ठेवून, 'प्रत्यक्ष पाहणीत खोरे निर्मनुष्य आढळले' असे लिहिले आणि सही केली. परतताना गाडीत ते बराच वेळ खिडकीबाहेर बघत होते. पठार संपल्यावर हळूच म्हणाले, "बाई, तो चहा मी प्यायलो. चांगला होता. कुठे बोलू नका."

खाणवाल्यांना नकाराचे पत्र गेले. कुंपण पक्के झाले. ज्या खोऱ्यात गिऱ्हाईकच नाही तिथे फोन कशाला, म्हणून फोनवाल्यांनी आपला खांब काढून नेला. मावशीची खुशाली कळणे बंद झाले. घरी नकाशाबाई जेवायला बसे आणि घास हातातच राही. शेवटी एका सुट्टीच्या दिवशी ती उठली आणि कुंपणाच्या फाटकाशी जाऊन उभी राहिली.

मुकादम स्टुलावर बसला होता. चांगला अंगाने भरला होता. मिशाही पुन्हा वर गेल्या होत्या.

"आत जायचंय," ती म्हणाली.

"कुणाकडे?"

नकाशाबाईने तोंड उघडले आणि मिटले.

"बाई, नकाशा तुमचाच," मुकादम समजुतीने म्हणाला. "आत कोणी नाही, हे तुमच्याइतकं पक्कं कुणाला माहीत असणार? तुम्हालाच सोडलं, तर माझी नोकरी जाईल."

ती फाटकाबाहेरच्या दगडावर बसली. धुके तारेपर्यंत येऊन थांबले होते. तिने कान देऊन ऐकले. ओढा वाहत होता, आणि पूर्वीपेक्षा जोरात वाहत होता. तेवढ्या आवाजावर समाधान मानून परत फिरावे, असे तिने स्वतःला बजावले, पण पाय उचलेनात.

दुपार झाली. मुकादम उठून कुंपणाच्या आतल्या खांबापाशी गेला आणि कापडात बांधलेला डबा घेऊन आला. डबा कढत होता.

"घरचा?" तिने विचारले.

"छे. माझं घर कुठच्या कुठे. हा रोज या खांबाला आपोआप लटकलेला असतो. आधी मी हातच लावला नव्हता. मग म्हटलं, भूत असो नाहीतर आणखी कोणी, वेळेवर गरम जेवू घालणाऱ्याची चौकशी करू नये. धुऊन परत लावून ठेवतो. एकदा न धुता लावला, तर दुसऱ्या दिवशी उपास घडला."

त्याने गाठ सोडली, झाकण काढले आणि तो थबकला. डबा आज नेहमीपेक्षा मोठा होता, आणि आत दोन चमचे होते.

"रोज एकच असतो," तो खालच्या आवाजात म्हणाला. त्याने मागे धुक्याकडे पाहिले, मग नकाशाबाईकडे पाहिले. "तुम्ही येणार हे मलासुद्धा माहीत नव्हतं."

नकाशाबाईनेही धुक्याकडे पाहिले. तिथे काहीच दिसत नव्हते. तिने पदराने डोळे पुसले, दुसरा चमचा उचलला आणि डबा थोडा आपल्याकडे ओढून घेतला.