बिरूतात्यांची मोकळी पट्टी

बिरूतात्या सगळं मेंढरांत मोजतात. अंगण बारा मेंढरांचं, बोळ तीन मेंढरांचा, माझ्या ऑफिसचं दार जेमतेम दीड मेंढराचं. मी साताऱ्यात प्लॉटचे नकाशे काढून पोट भरतो. पहिल्याच भेटीत या गृहस्थांनी नकाशावर बोट ठेवलं. “सायब, ह्यो नऊ मीटरचा रस्ता म्हंजी किती मेंढरं?”

“तात्या, इथं माणसं राहायची आहेत.”

“आवं, मेंढरू जातंय तिथनं मानूस जातोयच की. उलटं मातूर न्हाई.”

मी तापट माणूस. चटकन तोंड सुटतं. पण यावर मी खरंच मेंढरं मोजायला लागलो.

झालं होतं असं, की औंधच्या अलीकडं एका तळ्याकाठी पाच शेतकऱ्यांनी मिळून प्लॉट पाडायचं काढलं होतं. जमीन तळ्याकडं उतरत जाते. शेवटचा तुकडा वर्षातले सहा महिने ओलाच. लव्हाळा, चिखल आणि बगळे. चौघांना थेट पाण्यापर्यंत प्लॉट हवे होते. ‘लेक व्ह्यू’ अशी पाटीसुद्धा त्यांनी रंगवून आणली होती. पाचवे बिरूतात्या. त्यांच्या सहीशिवाय पान हलत नव्हतं आणि सही काही केल्या होत नव्हती.

त्यांचं म्हणणं, घरं वर डांबरी रस्त्याकडं बांधा, ओला तुकडा आहे तसा ठेवा, आणि रस्त्यापासून पाण्यापर्यंत वीस मेंढरं शेजारी-शेजारी चालतील एवढी पट्टी मोकळी सोडा. का, म्हणून विचारलं की दर खेपेला नवं कारण. “पावसाळ्यात पानी हितवर येतंय. बेडकं तुमच्या आदी न्हानीत जाऊन बसतील.” पुढच्या खेपेला, “चिखल हाय म्हनून हिरीला पानी हाय. त्येच्यावर शिमिट वता आन् बसा टँकरच्या नावानं वरडत.” त्यानंतर पाणकोंबड्या. “त्या लव्हाळ्यात अंडी घालत्यात. त्यास्नी दुसरं गाव हाय व्हय?”

“तात्या, पाणकोंबड्या काय मतदान करणार हायत का?” चौघांतला एक म्हणाला.

“तू करतोस, त्येनं काय दिवं लागलं?” तात्या शांतपणे म्हणाले.

एकदा हट्टानं मला चिखलात घेऊन गेले. माझा एक बूट आत राहिला तो राहिलाच. पण लव्हाळ्यात काळी-लाल पिल्लं आईमागं पोहताना पाहिली आणि खोटं कशाला सांगू, मी विरघळलो. घरी येऊन नकाशा नव्यानं काढला. घरं वर एकत्र, खाली ओली जागा सगळ्यांची मिळून, मधून पट्टी. चौघांना थोडं समजावलं, थोडं पुराचं भय घातलं. कुरकुरत का होईना, तयार झाले. मग मी साताराभर सांगत सुटलो की खेड्यातला हा अडाणी माणूस पाखरांवर कसा जीव टाकतो बघा.

सह्या झाल्या त्या दिवशी हौसामामींनी, म्हणजे तात्यांच्या बायकोनं, चहा दिला. मी पाखरांचं कौतुक सुरू केलं, तशा त्या हसल्या.

“पाखरं हायतच. पर पट्टी पाखरांची न्हवं. धाकल्या भावाची हाय.”

मग सगळं कळलं. तात्या मूळचे माण भागातले, मेंढरांमागं वाढलेले. हौसामामी एकुलत्या एक, म्हणून हे घरजावई होऊन इथं आले आणि कळप धाकट्याकडं गेला. दर साली दिवाळी झाली की तो कळप पाटणवरनं कोकणात उतरतो. जाता जाता एक दिवस या पाण्यावर थांबतो. तात्या त्याच्याबरोबर ओढ्याच्या पुलापर्यंत चालत जातात आणि माघारी येतात.

“तेवढं चालून आलं की वरीसभर बरं ऱ्हात्यात,” मामी म्हणाल्या. “माज्यापाय हितं ऱ्हायले. कवा बोलून न्हाई दावलं.”

मला माझ्याच बडबडीची लाज वाटली.

त्या साली दिवाळीनंतर भाऊ आला तो मोटरसायकलवरनं, एकटाच. पोरं पुण्यात कामाला लागली, राखायला कुणी नाही, मेंढरं विकून टाकली म्हणाला. जाताना सगळ्यांदेखत सांगून गेला, “दादा, आता पट्टी कशापाय अडवून ठेवतूस? पाड प्लॉट.”

चौघांचा त्याच दिवशी मला फोन. पट्टीत चार प्लॉट आरामात बसत होते. मी सुधारलेला नकाशा घेऊन गेलो. जायला नको होतं, पण पोटाचा धंदा पडला.

तात्यांनी नकाशा खूप वेळ बघितला. मेंढरांचा हिशेब काही विचारला नाही.

“सायब, त्या वाटंनं आनी बी कळप येत्यात,” ते म्हणाले. “त्येंच्यात कुनाचा तरी भाऊ आसंलच की.”

मी नकाशाची गुंडाळी केली आणि चौघांना सांगितलं, तात्या सही देत नाहीत, नाद सोडा.

आठवड्यानं हद्दीचे दगड रोवून घ्यायला गेलो, तर पट्टीतून कुणाचा तरी अनोळखी कळप पाण्यावर आला होता. तात्या त्या माणसांना गाव विचारत होते, पाहुणे कोण कुठले विचारत होते. ओळख काही लागली नाही. कळप निघाला तरी तात्या तिथंच उभे. मामींनी फडक्यात भाकरी बांधून आणली आणि त्यांच्या हातात दिली.

“जावा. पुलापातूर जाऊन या,” म्हणाल्या.

तात्या गेले. जेवणवेळ झाली, दिवस मावळला, तरी परतले नाहीत. तिसऱ्या दिवशी दुपारी पाटणच्या वाटेवरच्या उंब्रजहून एसटीनं आले, पायाला फोड घेऊन. दगडांचं काम चालू होतं म्हणून मी तिथंच होतो. वाटलं, आता मामी फैलावर घेणार. मामींनी कुठवर गेला होता म्हणून विचारलंसुद्धा नाही. चुलीवरचं ऊन पाणी घमेल्यात ओतलं आणि त्यांचे पाय धुवायला खाली बसल्या.