आठव्या ओळीवर इस्त्री

इस्त्रीच्या कामात आमच्या भागात माझा हात धरणारा कोणी नाही. एकतीस वर्षं लाँड्री चालवतोय. माझ्या हातून एकही सुरकुती जिवंत सुटलेली नाही.

बायको विद्यापीठात प्राचीन ग्रीक शिकवायची. काशाच्या फुटक्या पत्र्यांवर कोरलेली, अर्धी गंजून गेलेली अक्षरं वाचायची. एका वाक्याला दोन-दोन वर्षं! मी म्हणायचो, एवढ्यात माझं गिऱ्हाईक दुकान बदलेल.

ती जाऊन तीन महिने झाले. शेवटच्या पत्र्यावरचं तिचं काम तिच्याच नावाने छापायचं ठरलं होतं. तिची विद्यार्थिनी, जी आता तिच्या जागेवर शिकवते, फोनवर म्हणाली, मॅडमच्या कपाटातल्या वीस कागदांवाचून पुस्तक अडलंय, सोमवारी न्यायला येते.

कपाट उघडलं. जाड पांढरे कागद, शाईचा ठिपका नाही, आणि सगळे पोचे पडल्यासारखे खडबडीत. ओल लागली असणार. तिच्या आजारपणात कपाटाकडे बघायचं राहूनच गेलं होतं. आजारापुढे माझं काही चाललं नाही, निदान कागद तरी नीट करावेत म्हटलं.

पाणी मारलं, वाफ दिली, तरी उंचवटे हटेनात. मग जड इस्त्री काढली. मधेच त्या मुलीचा फोन, कागद ठीक आहेत ना? म्हटलं, ओळखणारसुद्धा नाहीस. बिचारी हसली. वर मी हलकी खळ दिली.

सोमवारी ती आली. बहिणीचे कपडे आवरायला मेहुणीही आली होती. मुलीने एक कागद खिडकीशी तिरपा धरला. मग दुसरा. सगळे पाहून झाल्यावर खुर्चीत बसली.

"काका, ते उंचवटे म्हणजेच अक्षरं होती."

ओला कागद पत्र्यावर ब्रशने ठोकून ते ठसे घेतले होते म्हणे. आणि मूळ पत्र्याचा तर गेल्या वर्षीच गंजून भुगा झालेला.

मेहुणी म्हणाली, "भाऊजी, अडीच हजार वर्षं टिकलेलं तुम्ही एका दुपारीत सपाट केलंत."

बायकोच्या वहीत सात ओळी वाचून लावलेल्या सापडल्या. आठवीच्या जागी नुसता कंस. मुलीने विचारलं, मॅडम आठव्या ओळीबद्दल काही बोलल्या होत्या का?

बोलली होती. जायच्या दोन दिवस आधी, दवाखान्यात. "आठवी ओळ लागली. घरी आले की सांगते."

मी म्हटलं होतं, "सांग गं, घाई काय आहे? आधी झोप."

काहीतरी ठोकून द्यावं, असं क्षणभर मनात आलं. पण तिच्या नावावर छापायचं होतं. माहीत नाही म्हणालो.

पुस्तक आलं. वर तिचं नाव, खाली सात ओळी, आठवीची जागा मोकळी. तळाशी बारीक अक्षरात टीप: 'लेखिकेच्या पतीने ठशांना इस्त्री केल्यामुळे ही ओळ उपलब्ध नाही.'

लग्नाच्या दाखल्यानंतर आम्ही दोघं एका कागदावर आलो ते इथेच. मेहुणी म्हणते, लाज वाटू द्या जरा. वाटते.

तरी चार प्रती जास्तीच्या मागवल्यात.