सोडवणारे मोरेकाका

मंगलाष्टकं संपून वधूवरांच्या गळ्यात हार पडले की सगळे टाळ्या वाजवतात. मोरेकाका हाराची जाडी अजमावतात. हल्ली बडोद्यात लग्नाचा हार पातळ रेझिनमध्ये बुडवून, त्याचा काचेसारखा ठोकळा करून दिवाणखान्यात मांडायची टूम आहे. काका नवऱ्यामुलाच्या कानाशी लागतात आणि आशीर्वाद दिल्यासारखं सांगतात, "अंगठीबिंगठी आत राहिली तर दांडिया बाजारात या. काढून देईन. फक्त फोडू नका."

कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून कडक झालेल्या रेझिनमधून वस्तू सुखरूप बाहेर काढणं हाच त्यांचा उद्योग. मी त्यांचा शेजारी, आणि त्यांचं सर्वांत नामुष्कीचं गिऱ्हाईक. मोबाईलवर व्हिडिओ पाहून मी लग्नाच्या वाढदिवसाला बायकोची नथ रेझिनच्या पेपरवेटमध्ये बंद केली होती. छान झालंय म्हणाली. आता भाचीच्या लग्नात पेपरवेट नाकात घालू का, तेवढंच विचारलं.

काकांनी चार दिवस घेतले. ठोकळा गरम पाण्यात ठेवायचा, चामड्यासारखा मऊ पडला की ब्लेडनं एक पापुद्रा काढायचा, परत पाण्यात. मी तासातासाला डोकावत होतो. "शांतीथी, साहेब, शांतीथी," ते गुजरातीत दटावायचे. "मोती काय पळून नाही जात." नथ निघाली. एका मोत्यालाही चरा नाही.

मला उपकार फेडायची खाज सुटली. त्यांच्या फळीवर एक ओबडधोबड ठोकळा होता, आत स्कूटरची किल्ली. जगाच्या वस्तू सोडवणाऱ्याची स्वतःचीच किल्ली अडकलेली. काकांच्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी मी तो गुपचूप पळवला. वरची बाजू जरा दबलेली, खरबरीत होती. ती आधी नळाखाली पॉलिशपेपरनं घासून गुळगुळीत केली, मग पापुद्रे काढले. आयुष्यात प्रथमच माझ्या हातून काहीतरी न मोडता पार पडलं, असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी किल्ली त्यांच्या हातावर ठेवली. त्यांनी तिच्याकडे पाहिलंच नाही. ठोकळ्याचं काय केलं, विचारलं. मी पळत जाऊन पापुद्रे आणले. ते एकेक उजेडात धरून बघत राहिले.

ठोकळा त्यांच्या मुलीनं केलेला. कॉलेजात असताना गंमत म्हणून तिनं बापाची किल्ली आत बुडवली, आणि वाळायच्या आत हात लावला. तिच्या अंगठ्याचा ठसा वर राहून गेला होता. मुलगी बडोद्यातच, समा भागात राहते, रिक्षानं वीस मिनिटं. तिच्या लग्नाला काका गेले नव्हते. त्याला नऊ वर्षं झाली. ती पुन्हा आली नाही, आणि हेही गेले नाहीत.

"वरचं घासलंत तुम्ही," काका म्हणाले.

"हो."

"भुकटी?"

"मोरीत गेली."

गुळगुळीत पापुद्र्यावरून ते बराच वेळ अंगठा फिरवत बसले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "पाण्याखाली घासलंत ते बराबर केलंत. कोरडं घासलं असतं तर नाकात गेली असती तुमच्या."