टर्मिनलवरचं पॅकेज

"बसच्या इंजिनापुढे हा कॉम्प्युटर म्हणजे सायकलचा पंप!" असं फोरमन छाती ठोकून म्हणाले, तेव्हाच त्यांच्या बायकोने देव पाण्यात ठेवले होते.

फोरमन म्हणजे बस डेपोतून निवृत्त झालेले गृहस्थ. उभा जन्म बसगाड्यांखाली आडवं पडून काढलेला! घरच्या म्हाताऱ्या कॉम्प्युटरवर त्यांच्या भाचीने लिनक्स ही हलकी ऑपरेटिंग सिस्टीम बसवून दिली आणि तो बरा चालायला लागला. पण फोरमनना तो पळवायचा होता. म्हणून आदल्या दिवशी त्यांनी त्यातल्या ऑफिसच्या सॉफ्टवेअरमधले 'फालतू' भाग उपटून फेकले. "माल उतरवला की गाडी पळतेच!"

नेमका त्याच मालावर बायकोचा जीव टांगलेला होता. तिला सगळं गाव कोचबाई म्हणे. गावच्या तरणतलावात पोहायला शिकवण्यात तिची निम्मी हयात गेली होती. आता नगरपालिकेला तो तलाव बुजवून तिथे गाड्या उभ्या करायच्या होत्या. दुपारी सभा. सभेत दाखवायला कोचबाईंनी स्लाईड्स बनवल्या होत्या. सकाळी एकदा नजर टाकावी म्हणून फाईल उघडली, तर स्लाईड्सच्या जागी नुसती फोल्डरं! फोटो एकीकडे, मजकूर भलतीकडे.

"अहो, माझी मुलं कुठे गेली?"

"कुठली मुलं?" फोरमन दचकले.

"सूर मारणारी! पहिल्या स्लाईडवरची!"

फोरमननी चष्मा सारखा केला. "फाईल फुटलीय. पण घाबरू नकोस, सगळे सुटे भाग इथेच पडलेत."

"मग जोडा ना! की कालच्या साफसफाईत पाना पण फेकलात?"

हा टोला वर्मी बसला. फोरमननी शर्टाच्या बाह्या वर सारल्या आणि भाचीला फोन लावला.

"मामा, फाईल ठीक आहे," भाची म्हणाली. "ती उघडणारा भागच तुम्ही काढलाय. इम्प्रेस लागेल."

"तुझ्या मामीला? ती आता कशानेही इम्प्रेस व्हायची नाही गं!"

"मामीला नाही हो! त्या भागाचं नाव इम्प्रेस. त्याचं पॅकेज मिळेल. तुम्ही आधी टर्मिनलवर जा आणि..."

पुढचं ऐकायला फोरमन थांबले तर ना! बस टर्मिनल त्यांना तळहातासारखं पाठ. पोरगी हुशार! पॅकेज बसने पाठवतेय! त्यांनी फोन टेबलावर टाकला, पायांत चपला सरकवल्या आणि स्कूटरला लाथ मारली.

टर्मिनलवरच्या पार्सलवाल्याने सगळी खोकी उलटीपालटी केली. "फोरमनसाहेब, तुमच्या नावाच्या पार्सलचा काही पत्ताच नाही हो."

"मग गाडीतच राहिलं असणार! शिडी आण!"

जुने मेकॅनिक धावले. सुटायच्या बेतात असलेल्या गाडीच्या टपावरचं सामान खाली आलं. ट्रंका, गाद्या, एक शिवणयंत्र! प्रवासी खवळले. "काय बॉम्ब आहे का?" एका आजींनी विचारलं.

"इम्प्रेस आहे! तलावाचा प्रश्न आहे, आजी!" फोरमन टपावरून ओरडले. माघार हा शब्द त्यांच्या कोशात नव्हताच.

इतक्यात भोंगा खरखरला. "फोरमनसाहेब, जिथे असाल तिथून ऐका. घरून निरोप आहे. टर्मिनल कॉम्प्युटरच्या आत आहे. पुन्हा सांगतो, टर्मिनल कॉम्प्युटरच्या आत आहे!"

भाचीने पुन्हा फोन केला होता. तो कोचबाईंनी घेतला आणि कपाळावर हात मारून डेपोला कळवलं. ड्रायव्हर, कंडक्टर, आजी, सगळे हसून लोळले. फोरमन मात्र टपावरून ताठ मानेने उतरले. काढलेलं सामान स्वतः परत चढवलं, गाद्यांसकट.

घरी आले तर बायको निघून गेलेली. फाईल पेनड्राइव्हवर घेऊन गेल्याचं शेजारीण म्हणाली. "उघडली तर उघडली, नाहीतर तोंड आहे मला, असं म्हणाल्या."

"उघडणार! मी उघडणार!" फोरमननी फोन लावला. या वेळी भाचीने कॉम्प्युटरमधलं टर्मिनल, म्हणजे हुकूम टाइप करायची काळी खिडकी, उघडून घेतली आणि एकेक अक्षर सांगायला लागली. "सुडो."

"काय सोडू?"

"काहीही सोडू नका! सुडो, तसंच लिहा. आता पासवर्ड."

फोरमननी पासवर्ड टाकला. पडद्यावर एक टिंबही उमटेना. मग त्यांनी गंजलेला बोल्ट ठोकावा तशा कळा ठोकल्या. "कीबोर्ड पण गेला!"

"मामा, पासवर्ड दिसत नाही! दिसत नसला तरी लिहिला जातो! हळू!"

अखेर पडद्यावर ओळींचा पाऊस पडला. फोरमननी श्वास रोखून फाईलवर टिचकी मारली आणि मुलांनी पाण्यात धडाधड सूर मारले! फोरमनच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी कॉम्प्युटरचा डबा स्कूटरवर पुढ्यात बांधला, शेजारणीला मागे बसवून पडदा तिच्या मांडीवर दिला आणि नगरपालिका गाठली.

दारातच शिपायाने हात आडवा केला. "भंगार मागच्या दाराने."

"भंगार नाही! यात तलाव आहे!" फोरमन त्याला ढकलून आत घुसले, तर टाळ्या चाललेल्या. कोचबाई हसत समोर आल्या. "अहो, तलाव वाचला!"

"पण फाईल?"

"इथल्या कॉम्प्युटरवर लगेच उघडली की."

लोक पांगले; कोचबाई आणि शेजारीणही त्यांच्याबरोबर बाहेर पडल्या. डबा कवटाळून फोरमन उभेच. पण एवढी मेहनत कुणी तरी पाहायलाच हवी! त्यांनी तिथेच वायरी जोडल्या आणि सभागृहात उरलेल्या एकमेव माणसाला, म्हणजे त्या शिपायाला, खुर्चीत बसवून पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळ्या स्लाईड्स दाखवल्या.

शिपायाने मन लावून पाहिल्या. मग आपुलकीने डब्यावर थाप मारली.

"छान चालतोय की हो! मग भंगारात कशाला काढताय?"