नपुंसकलिंगी शीर

भूत या शब्दाचा मूळ अर्थ 'होऊन गेलेले' एवढाच आहे. जे होऊन गेले ते मुकाट्याने होऊन गेले असते, तर जगात भीती नावाची चीज उरली नसती आणि भयसाहित्य संग्रहालयाला तिकीटखिडकी काढावी लागली नसती. पण होऊन गेलेले स्वस्थ बसत नाही. ते छापले जाते, त्याच्या आवृत्त्या निघतात आणि अखेर काचेच्या पेटीत दिवा लावून ते लोकांना दाखवले जाते.

सदर संग्रहालय एका दिवंगत भयकादंबरीकाराच्या स्मरणार्थ उभे असून त्याची व्यवस्था नमुनेदार आहे. एकूण वस्तू दोनशे चौदा. त्यांत लेखकाचे तीन चष्मे, छत्री, कवळी (फक्त वरची), डुलती खुर्ची आणि त्याला एकदा दचकवल्याचा संशय असलेले मांजर (पेंढा भरलेले). पुस्तके नऊ. पैकी सहा कुलूपबंद आहेत आणि तीन आतून पोकळ. त्या तिन्हींत धूर सोडायची यंत्रे बसवली आहेत. पूर्वी वाचनकक्षही होता. तिथे कुणी फिरकत नाही, असे आढळल्यावर त्याची सुटका-खोली करण्यात आली. म्हणजे पाहुण्यांना तासभर कोंडायचे, त्यांनी कोडी सोडवून आपले आपण दार उघडायचे आणि कोंडल्याबद्दल आभार मानून घरी जायचे. स्थापनेपासून आठशे साठ गट आत गेले. आपले आपण सुटलेले गट शून्य. हा आकडा दर्शनी भिंतीवर सोनेरी अक्षरांत लावलेला आहे, कारण अपयश दुसऱ्याचे असले की त्याला दर्जा म्हणतात.

आठशे एकसष्टावा गट एका प्रकाशन संस्थेचा होता. लेखकाची सर्वांत गाजलेली कादंबरी याच संस्थेने काढली होती, तिच्या बावीस आवृत्त्या झाल्या होत्या, आणि म्हणून संग्रहालयाने चार फुकट पास पाठवले होते. एक पास ताईंना. त्या संस्थापकांच्या कन्या आणि आता संस्थेच्या सर्वेसर्वा. दुसरा विक्रीप्रमुखांना. तिसरा मुखपृष्ठे करणाऱ्या बाईंना. चौथा उरला, तो मुद्रितशोधकाला, म्हणजे छापण्याआधी मजकुरातल्या चुका काढणाऱ्या माणसाला. एकतीस वर्षे ऱ्हस्व-दीर्घाची राखण केल्यामुळे त्यांना सगळे वेलांटीकाका म्हणत. महिनाअखेर त्यांची जागा बंद होणार होती, कारण चुका काढणारे यंत्र आले होते. ही गोष्ट त्यांना कुणी तोंडाने सांगितली नव्हती. त्यांच्या निरोपाचे पत्रच तपासायला त्यांच्या टेबलावर आले होते. त्यांनी त्यातल्या दोन चुका दुरुस्त केल्या आणि पत्र वेळेत परत पाठवले.

चौघांत ती कादंबरी वाचलेले काका एकटेच. यात संस्थेला कमीपणा नाही. प्रकाशकाने आपले पुस्तक वाचणे म्हणजे न्हाव्याने स्वतःचे केस कापणे. जमते, पण धंदा खोळंबतो.

पहिली दोन दालने सुखात पार पडली. सांगाडा हसला, मांजराचे डोळे लुकलुकले, विक्रीप्रमुखांनी सांगाड्याच्या गळ्यात हात टाकून फोटो काढला. काळ्या झग्यातली मार्गदर्शिका म्हणाली, "आता मन घट्ट करा. पुढचं दालन सगळ्यांना सोसवत नाही."

तिसऱ्या दालनात काहीच नव्हते. एक काचेची पेटी, आत उघडी कादंबरी, पृष्ठ एकशे सतरा, आणि एका वाक्यावर लाल उजेड: 'उंबरठ्यावर मृताचे शीर ठेवलेले होते.'

बाकीच्यांनी वाचले आणि पुढच्या वस्तूसाठी मान वळवली. काका मात्र पेटीपाशीच उभे राहिले.

"शीर म्हणजे रक्तवाहिनी," मार्गदर्शिका पाठ म्हणू लागली. "ती खरं तर स्त्रीलिंगी. ती शीर. पण लेखकाने 'मृताची शीर' न लिहिता 'मृताचे शीर' लिहिलं. का? कारण मरणानंतर शिरेला लिंग उरत नाही! या एका शब्दावर आजवर अकरा प्रबंध झालेत. आमच्या संचालकांचा प्रबंध प्रमाण मानतात. 'मरणोत्तर शिरेचे लिंग: एक पुनर्विचार'."

तिने कळ दाबली आणि दिवंगत लेखकाचा आवाज घुमला. "हा शब्द मला सहजी सापडला नाही. तीन महिने मी त्याच्यासाठी तडफडलो."

काकांना दरदरून घाम फुटला. लेखक तडफडला नव्हता. हस्तलिखितात त्याने सरळ 'शिर' लिहिले होते, ऱ्हस्व शि, म्हणजे डोके. उंबरठ्यावर मृताचे डोके ठेवलेले होते, बस्स. काकांचा नोकरीतला तो पहिला महिना. शेवटी अ असेल तर त्याच्या आधीची वेलांटी दीर्घ, हा नियम नुकताच पाठ झालेला. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द त्याला अपवाद, हे पुढच्या पानावर होते आणि ते पान वाचायचे राहिले होते. शेंगदाणे खात खात, मोठ्या उत्साहाने, त्यांनी लेखकाचा बरोबर शब्द चूक केला होता. पुस्तक आल्यावर ते लक्षात आले. कबुली द्यायला ते लेखकाच्या घरी निघालेही होते. पण तोवर पहिले परीक्षण छापून आले, त्यात त्या 'शीर'ची स्तुती होती, आणि लेखकाने ती नम्रपणे स्वीकारली होती. काका अर्ध्या वाटेवरून परतले. त्यानंतर एकतीस वर्षांत त्यांच्या हातून एकही चूक झाली नाही. लोक त्याला निष्ठा समजत.

"काका, घाबरलात की काय?" ताई हसल्या.

"नाही, नाही. जरा उकडतंय."

मग चौघांना सुटका-खोलीत घालून विजेच्या कळीचे दार लावून घेण्यात आले. तास सुरू झाला.

खोली कादंबरीतल्या घरासारखी सजवली होती. जाळी-जळमटे, थांबलेले घड्याळ आणि पलंगावर मेणाचे प्रेत. पहिली चार कोडी मुखपृष्ठकार बाईंनी सोडवली. त्यांना पुस्तकातले काही ठाऊक नव्हते. पण वस्तू कुठे ठेवली की डोळ्यांत भरते, हे बरोबर ठाऊक होते. पाचवी चिठ्ठी निघाली: 'मृताचे शीर दाबा, दार उघडेल.'

"झालं की!" विक्रीप्रमुख म्हणाले. प्रेताच्या मनगटावर निळी शीर रंगवली होती. त्यांनी ती दाबली. दार उघडले नाही. ताईंनी दाबली. बाईंनी दाबली. पाळीपाळीने दाबली, तिघांनी मिळून दाबली, दमाने दाबली, शिव्या देत दाबली. पस्तीस मिनिटांत मेणाचा अंगठा गळून पडला. काका कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून होते.

तास संपला. न सुटलेल्यांसाठी नियमाप्रमाणे मागचे दार उघडायला हवे होते. पण मागच्या दाराची किल्ली मार्गदर्शिकेकडे, मार्गदर्शिका जेवायला आणि जेवणाची सुट्टी पाऊण तास. छतातून ध्वनिमुद्रित आवाज आला: "घाबरा. आपण सुरक्षित आहात."

विक्रीप्रमुख एव्हाना एका पायावरून दुसऱ्या पायावर होऊ लागले होते. सकाळपासून त्यांनी तीन कप चहा घेतला होता, त्यात साखरेचा त्रास. "ताई, मला जायला लागेल," ते खालच्या आवाजात म्हणाले. "आत्ता. थट्टा नाही." खोलीत खऱ्या अर्थाने भीती शिरली ती या क्षणी.

काका उठले.

"शिर दाबा," ते म्हणाले.

"अहो, तेच तर दाबतोय!"

"शीर नाही. शिर. डोकं दाबा त्याचं."

"चिठ्ठीत शीर लिहिलंय, काका."

"चिठ्ठीत चूक आहे. पुस्तकात चूक आहे." ते पलंगाकडे वळले. "लेखकाची नाही. माझी आहे. मी केली ती."

पुढे होऊन त्यांनी प्रेताच्या कपाळावर तळवा ठेवला आणि दाबला. खट् झाले. दार सताड उघडले. विक्रीप्रमुख आभार न मानता धावत सुटले.

खुलासा असा की, खोलीतली कळ बसवणाऱ्या वायरमनला कृती फोनवरून सांगितली होती. शिर काय, शीर काय, कानाला दोन्ही सारखीच. वायरमनने अकरापैकी एकही प्रबंध वाचलेला नव्हता, त्यामुळे 'मृताचे शिर' म्हणजे डोके, हे त्याला आपसूकच कळले.

संग्रहालयात हाहाकार उडाला. सोनेरी शून्याचे काय करायचे, हा प्रश्न होता. संचालक धावत आले. काकांनी त्यांच्यापुढे हात जोडून सगळे सांगितले. नियम, अपवाद, शेंगदाणेसुद्धा. एकतीस वर्षांचे ओझे उतरताना त्यांचे डोळे भरून आले.

संचालकांनी शांतपणे ऐकून घेतले. "आपण कोण म्हणालात?"

"मुद्रितशोधक."

"मग साहित्याबद्दल आपण न बोललेलं बरं." ते सौजन्याने म्हणाले. "चूक आपल्या हातून झाली असेल. पण ती लेखकाच्या प्रतिभेने आपल्याकडून करवून घेतली. आणि राहता राहिलं दार. बाहेर पडणं वेगळं, सुटणं वेगळं. आपण चुकीच्या उत्तराने बाहेर पडला आहात. कृपया परत आत चला, म्हणजे मागच्या दाराने रीतसर सोडता येईल."

चौघे परत आत गेले. (विक्रीप्रमुखांची वाट पाहावी लागली.) मार्गदर्शिकेने मागचे दार उघडले, वहीत 'सुटले नाहीत' असे लिहिले आणि चौघांच्या सह्या घेतल्या. वायरमनला त्याच दिवशी बोलावून कळ कपाळावरून मनगटात हलवण्यात आली.

परतीच्या गाडीत काका मान खाली घालून बसले होते. ताई त्यांच्याकडे वळल्या. मग एकदम म्हणाल्या, "काका, ते नवं यंत्र आहे ना, त्याने तेविसाव्या आवृत्तीत काय केलंय, माहितीये? शीरचं शिर केलंय. आपोआप. मला वाटलं, यंत्र बिघडलं."

"यंत्राचं बरोबर आहे, ताई."

"बरोबर असून काय करायचंय? अकरा प्रबंध, एक संग्रहालय, अभ्यासक्रमात लागलेलं पुस्तक. चूक काढायला माणूस लागत नाही, हे आता पटलंय. पण चूक टिकवायला भरवशाचा माणूस हवा." त्यांनी काकांच्या खांद्यावर हात ठेवला. "तुम्ही राहा."

अशा रीतीने, ज्या चुकीने काका एकतीस वर्षे झुरले, तिनेच त्यांची नोकरी वाचवली. घरी सांगितल्यावर बायको म्हणाली, "मग अजून चार-दोन करून ठेवायच्या होत्या!" काका हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी ते छापखान्यात गेले, यंत्राने केलेली दुरुस्ती खोडून एकशे सतराव्या पानाशी खुर्ची टाकून बसले आणि शेवटचा कागद छपाईयंत्रावरून उतरेपर्यंत त्या वेलांटीवरून त्यांनी नजर हलवली नाही. शीर दीर्घच राहिली.

त्या गडबडीत शेवटची सोळा पाने बांधायची राहून गेली. खून कुणी केला, हे त्याच सोळा पानांत आहे. पाच हजार प्रती बाजारात गेल्या, सहा आठवड्यांत संपल्या. तीन वर्तमानपत्रांत परीक्षणे आली. दोघांनी शेवट विशेष परिणामकारक असल्याचे नोंदवले. आजतागायत संस्थेकडे एकही तक्रार आलेली नाही.

आपल्याही कपाटात प्रत असेलच. एकदाही न उघडल्यामुळे तिची पाठ अजून कोरी करकरीत आहे, शोधायला वेळ लागणार नाही.