रामटेकेजींचा रिपोर्ट

रामटेकेजी पहिल्यांदा आमच्याकडे जेवायला आले, तेव्हा पानावर बसण्याआधी त्यांनी माझ्या बायकोकडे चिमूटभर हळद मागितली. तिला वाटलं, कुठे कापलं-बिपलं असेल. त्यांनी खिशातून ड्रॉपरची इवलीशी बाटली काढली, बशीतल्या हळदीवर दोन थेंब टाकले, बशी खिडकीशी नेऊन नीट न्याहाळली आणि म्हणाले, "शुद्ध हाय. वाढा आता." बायको त्यानंतर आठ दिवस माझ्याशी धड बोलली नाही. जसं काही शेजारी निवडणं माझ्या हातात होतं.

ते भिलाईच्या स्टील प्लांटच्या लॅबमध्ये केमिस्ट, मी टाइम ऑफिसात कारकून. सेक्टरमधल्या क्वार्टरात आमची मधली भिंत एकच. माणूस मूळचा भंडाऱ्याकडचा. दिवसभर चुनखडी नि लोहदगडाचे नमुने तपासायचा आणि घरी आला की दूध, डाळ, चहापत्ती तपासायला घ्यायचा. यंदा उकाडा जास्त आहे, एवढं जरी कोणी म्हटलं, तरी रामटेकेजींचं ठरलेलं उत्तर, "पहिले सॅम्पल आना, मंग बोला."

एकदा एका ठेकेदाराची चुनखडी त्यांनी नापास केली. तो बिचारा पेढ्यांचा डबा घेऊन घरी आला. रामटेकेजींनी पेढा फोडला, त्यावर आयोडिनचा थेंब टाकला, पेढा निळा पडला. डबा तिथल्या तिथे परत गेला, वर चिठ्ठी लावून, की खव्यात स्टार्च आहे. मी म्हटलं, अहो, घरी आलेल्या माणसाला निदान पाणी तरी विचारायचं. तर म्हणाले, "रिपोर्ट मंजे रिपोर्ट. माह्या बापाचा असला तरी तोच लिहीन."

मुलगी लग्न होऊन वर्ध्याला गेली आणि त्यांचं घर एकदम ओकंबोकं झालं. आता हे टीव्ही घेतील आणि आम्हालाही बघायला मिळेल, असा आमचा हिशेब होता. त्यांनी घेतली माशांची टाकी. कॅंप-१मधल्या वेल्डरकडून अँगलची फ्रेम करून घेतली, सुपेल्याहून काचा आणल्या, पुट्टी स्वतः भरली. ती तीनदा गळली. तिन्ही वेळा ओल आमच्या भिंतीला आली.

टाकीच्या तळाशी घालायला त्यांनी चरोद्याहून सायकलवर पोतंभर लाल मुरूम आणला. "यात आयर्न असते," ते मला समजावत होते. "मानसाले आयर्न लागते, प्लांटले लागते, मंग झाडाले कावून नाई?" मुरमावर शिवनाथ नदीची वाळू, वीस पाण्यांनी धुतलेली. सुपेल्यातल्या मासेवाल्यामार्फत कलकत्त्याची रोपं आली, तलवारीसारख्या रुंद पानांची. मग गप्पी मासे आले. आणि मधोमध बसला नारळाएवढा एक करडा दगड. त्याला आरपार भोक होतं आणि गप्पी त्यातून सारखे ये-जा करायचे. तो रामटेके वहिनींनी आणला होता. महिला मंडळाची सहल चुनखडीच्या खाणीकडे गेली होती, तिथून पदरात गुंडाळून.

पहिला महिना झकास गेला. मग पानं पिवळी पडायला लागली आणि त्यांच्यावर पांढरा खरखरीत थर चढला.

झालं. रामटेकेजींनी भिंतीवर तक्ता लावला. आधी ट्यूबलाइटवर संशय घेतला, ती वीतभर वर सरकवली. मग माशांच्या खाण्यावर, मग मासेवाल्यावर. मग माझ्यावर. मी त्यांच्या खोलीत सिगरेट ओढतो म्हणून पंधरा दिवस मला दाराबाहेर स्टूल टाकून बसवलं. मुरूम काढला, पुन्हा धुतला, पुन्हा घातला. पानं पिवळीच.

त्यातच त्यांनी एक नवीन काम काढलं. दर रविवारी सकाळी अंगणात कोळशाची शेगडी पेटवून टाकीतलं दोन मोठे गंज भरून पाणी खळखळ उकळायचं. दुपारपर्यंत निवलं की वरचं नितळ पाणी अलगद टाकीत, तळाचा पांढरा गाळ जास्वंदीच्या बुडाशी. आख्ख्या लाइनीत बातमी पसरली की रामटेकेंकडे कोणाला तरी कावीळ आहे. माझी बायको उसाचा रसही देऊन आली. मी विचारलं, तर एवढंच म्हणाले, "प्रोसेस हाय."

आता मी कारकून असलो तरी भिलाईत वीस वर्षं काढली होती. पाणी उकळून जो पांढरा गाळ बसतो तो चुन्याचा, हे मलाही कळतं. एका रविवारी वहिनी बाजारात गेल्या होत्या. मी टाकीसमोर उभा राहिलो आणि एकदम डोक्यात उजेड पडला. म्हटलं, "रामटेकेजी, सगळ्या दुनियेचं सॅम्पल घेतलं तुम्ही. या दगडाचं घेतलं का? अहो, ही तर चुनखडी आहे. हीच विरघळतेय पाण्यात." आणि फुशारकीत त्यांची ड्रॉपरची बाटली उचलून मी दगड काढायला टाकीत हातही घातला.

त्यांनी माझं मनगट धरलं. घट्ट.

"दगडाले हात नका लावू."

"एक थेंब अ‍ॅसिड टाकतो फक्त. फसफसला की..."

"फसफसते. मले मालूम हाय. पहिल्या दिवसापासून मालूम हाय."

माझा हात टाकीत तसाच. ते खुर्चीवर बसले आणि टॉवेलनं चष्मा पुसत राहिले.

"लग्नाले तीनच वर्षं झाले होते," ते म्हणाले. "हिचा भाऊ गावाहून तूप घेऊन आला. हिनं हौसेनं डबा माह्यापुढं ठेवला. मी त्यात अ‍ॅसिड आन साखर टाकून हालवलं. गुलाबी झालं. मी तिच्या भावासमोरच सांगितलं, डालडा मिसळला हाय."

"मग?"

"मंग काय. भाऊ चूप, ही चूप. भांडली असती तं बरं झालं असतं. त्या दिवसापासून हिनं या घरात एक वस्तू आपल्या मनानं नाई आनली. भाजी मी आनतो, लुगडं मी आनतो. पोरीच्या लग्नाचे भांडे बी मीच पसंत केले. मले वाटे, बाई साधी हाय, तिले हौस नाई. बावीस वर्षं मले असंच वाटे." चष्मा डोळ्यांवर चढवून त्यांनी टाकीकडे पाहिलं. "आन आता हे आनलं. स्वतः धुतलं, स्वतः ठेवलं. मले म्हने, इथं चांगलं दिसते."

मला फार लाज वाटली. बाटली मी जागच्या जागी ठेवून दिली.

तेवढ्यात वहिनी आल्याच. पिशवी खाली ठेवून त्यांनी टाकीत डोकावून पाहिलं. आणखी एक पान गळून वर तरंगत होतं. नवऱ्याला न विचारता त्या मलाच म्हणाल्या, "भाऊजी, तुमी बी प्लांटातलेच. माह्या दगडानं तं हे होऊन नाई राहिलं ना? यायले विचारलं, तं म्हनतात टेस्ट केला, दगड चांगला हाय. पन मले शंका येते. तसं असन तं मी काढून टाकते."

म्हणजे रिपोर्ट आधीच देऊन झाला होता. ठेकेदाराला, साहेबाला, बापाला न दिलेला तो खोटा रिपोर्ट रामटेकेजींनी घरात देऊन ठेवला होता. ते माझ्याकडे बघत होते. नापास होणाऱ्या मुलासारखं तोंड झालं होतं त्यांचं.

"नाही हो वहिनी," मी म्हटलं. "माझ्यासमोर टेस्ट केला आत्ताच. दगडाचा काही दोष नाही. कलकत्त्याची रोपं नाजूक, त्यांना आपली हवा मानवत नाही."

वहिनींचा चेहरा असा खुलला की मी इतकी वर्षं शेजारी राहून तो तसा पाहिलेला नव्हता. हातातला बटवा कमरेला खोचत त्या नवऱ्याकडे वळून म्हणाल्या, "मंग आनखी एक आनू काय? पुढच्या महिन्यात मंडळ पुन्हा तिकडंच जाऊन राहिलं. याच्याहून मोठा होता तिथं एक. मले फार आवडला होता, पन मनलं, तुमी काय म्हनसान."

रामटेकेजींनी टाकीकडे पाहिलं, भिंतीवरच्या तक्त्याकडे पाहिलं.

"आन ना," ते म्हणाले. "मोठाच आन."

मंडळाची सहल जाऊन आली. त्यानंतरच्या रविवारी सकाळी त्यांच्या अंगणात दोन शेगड्या पेटल्या. त्यातली एक आमच्याकडची होती.